सोबतीने मेंदू बदलतो का? प्राण्यांच्या सामाजिक अनुभवाविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

प्राण्यांचा मेंदू आणि त्यांचे सामाजिक जीवन या विषयावर लिहू लागल्यापासून काही प्रश्न वाचकांकडून ठरावीक अंतराने परत येत आहेत. शब्द बदलतात, प्रश्न तेच असतात. ते येथे एकत्र केले आहेत. प्रत्येक उत्तर स्वतंत्रपणे वाचता येईल असे लिहिले असून, एका उत्तराचा धागा दुसऱ्यात जात असेल तेथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. ‘सामाजिक अनुभव’ हा शब्द माणसाला ठीक आहे. मुंगीला, माशाला किंवा टोळाला तो कसा लावायचा?

येथे तो मर्यादित अर्थाने वापरला आहे. आपल्याच जातीच्या दुसऱ्या प्राण्याच्या असण्यामुळे किंवा वागण्यामुळे जे काही एखाद्या प्राण्यापर्यंत पोहोचते, तो त्याचा सामाजिक अनुभव: अंगाला लागलेला धक्का, गंध, झुंजीतली हार, आईने केलेले चाटणे, आणि यांपैकी काहीच वाट्याला न येणे हेसुद्धा. प्राण्याला त्याविषयी काय वाटते, हा प्रश्न या व्याख्येत येत नाही. त्यामुळे मुंगीला मैत्री कळते का, असल्या वादात न शिरता तिच्या मेंदूचे आकारमान मोजता येते, आणि पुढे दिसेल त्याप्रमाणे ते मोजल्यावर जे हाती येते ते पुरेसे चकित करणारे आहे.

२. सोबतीमुळे मेंदूत नेमके काय बदलते: पेशी, रसायने की जनुके?

तिन्ही, पण वेगवेगळ्या वेगाने. चेतापेशींमधील विद्युत संकेतांचा क्रम क्षणार्धात बदलतो. सेरोटोनिन, डोपामिन यांसारख्या, पेशींमध्ये निरोप पोहोचवणाऱ्या रसायनांचे प्रमाण आणि काही जनुकांचे सक्रिय होणे यांना मिनिटे ते तास लागतात. पेशींचा आकार, त्यांच्यामधील जोडण्या आणि मेंदूच्या एखाद्या भागाचे आकारमान बदलण्यास दिवस किंवा आठवडे जातात. जनुके स्वतः बदलत नाहीत. कोणते जनुक किती काम करील, एवढेच बदलते. हा फरक लक्षात न घेतल्यामुळे ‘सोबतीने डीएनए बदलतो’ अशी वाक्ये लिहिली जातात आणि ती चुकीची असतात.

३. प्राण्याला विचारता तर येत नाही, मग हे सारे मोजतात कसे?

मुख्यतः तीन मार्गांनी. केसाहून बारीक तारा मेंदूत बसवून पेशींचे संकेत थेट नोंदवतात. मोठ्या प्राण्यांच्या मेंदूची प्रतिमा यंत्राने घेतात. आणि पेशी उत्तेजित होताच काही मिनिटांत जागी होणारी जनुके शोधतात. त्यांपैकी ‘ईजीआर-१’ हे जनुक या विषयात पदोपदी भेटते. ज्या पेशींत त्याच्या खुणा दिसतात, त्या पेशी थोड्या वेळापूर्वी कामाला लागल्या होत्या, असा अर्थ घेतला जातो. ओल्या पावलांच्या ठशांवरून घरात कोण कोणत्या खोलीत गेले ते ओळखावे, तसे हे आहे. पाऊल दिसते, जाण्याचे कारण दिसत नाही.

४. एकटा टोळ आणि टोळधाडीतला टोळ एकाच जातीचे असतात, हे खरे आहे का?

खरे आहे. मे २०२० मध्ये मध्य प्रदेशातून अमरावती, वर्धा आणि नागपूर जिल्ह्यांत टोळधाड उतरली, तेव्हापासून हा प्रश्न सर्वाधिक आला आहे, म्हणून उत्तर थोडे सविस्तर देतो.

ती धाड वाळवंटी टोळांची होती. हा कीटक एकटा वाढला तर परिसरात मिसळून जाणाऱ्या रंगाचा, अंग चोरून हळू चालणारा, रात्री उडणारा आणि दुसरा टोळ दिसताच बाजूला सरकणारा असतो. दाटीत वाढला तर त्याची पिल्ले काळी-पिवळी होतात, प्रौढ टोळ दिवसा उडतात आणि एकमेकांकडे ओढले जातात. हे दोन अवतार इतके भिन्न आहेत की टोळांच्या बाबतीत पूर्वी अशा रूपांना वेगळ्या जाती मानत असत. ती एकाच जातीची दोन रूपे आहेत, हा विचार बोरिस उवारोव्ह यांनी १९२१ मध्ये मांडला.

रूपांतर सुरू कशाने होते, याचे उत्तर मिळवण्यासाठी संशोधकांनी जे केले ते वाचताना आजही गंमत वाटते. एकट्या टोळाच्या मागच्या पायाची मांडी बारीक कुंचल्याने दर मिनिटाला पाच सेकंद, असे चार तास गोंजारले, आणि आजूबाजूला एकही टोळ नसताना तो टोळ कळपातल्यासारखा वागू लागला. अन्नाच्या एखाद्या हिरव्या पट्ट्यावर दाटी झाली की मागच्या पायांना शेजाऱ्यांचे धक्के लागतात; कुंचल्याने नेमकी तीच नक्कल केली होती. दुसऱ्या टोळांचे दिसणे आणि त्यांचा गंध हे दोन्ही एकत्र मिळाले तरी तोच परिणाम होतो.

२००९ मध्ये ऑक्सफर्ड आणि केंब्रिज येथील संशोधकांनी यामागील रसायन दाखवून दिले. दाटीच्या पहिल्या दोन तासांत टोळाच्या छातीतील मज्जागंडिकांमध्ये (चेतापेशींच्या गाठींमध्ये) सेरोटोनिनचे प्रमाण झपाट्याने वाढते. सेरोटोनिनचे काम औषधाने रोखले तर दाटीत ठेवूनही टोळ एकलकोंडाच राहतो. सेरोटोनिन बाहेरून दिले तर एकटा असूनही तो कळपाळू होतो. ही पहिली ठिणगी डोक्यातील मेंदूत पडत नाही, छातीत पडते, हे विशेष. मेंदूवरचा परिणाम पुढे दिसतो: दाटीत वाढलेला प्रौढ टोळ अंगाने लहान असूनही त्याचा मेंदू एकट्याने वाढलेल्या टोळाच्या मेंदूपेक्षा सुमारे ३० टक्के मोठा असतो, असे २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोजणीत आढळले.

५. मग सेरोटोनिन हे कळप करण्याचे रसायन आहे, असे म्हणावे का?

म्हणू नये. वाळवंटी टोळाच्याच कुळातील स्थलांतरी टोळावर चीनमध्ये झालेल्या संशोधनात नेमके उलट दिसले: तेथे सेरोटोनिन टोळाला एकलकोंडेपणाकडे नेते, तर कळपाकडे नेण्यात डोपामिनचा हात असतो. एका रसायनाला एक गुण चिकटवण्याची सवय या विषयात फार लवकर अंगाशी येते. त्याचे दुसरे उदाहरण प्रश्न १३ मध्ये आहे.

६. हा बदल किती वेळात होतो?

टोळाचे वागणे दोन ते चार तासांत बदलते. याहून वेगवान उदाहरण आफ्रिकेतील टांगानिका सरोवराच्या परिसरातील ‘बर्टोनी’ या सिक्लिड माशाचे आहे, ज्याचा अभ्यास स्टॅनफर्ड विद्यापीठात रसेल फर्नाल्ड यांनी अनेक वर्षे केला. या माशांत मोजक्या नरांकडे स्वतःचा इलाखा असतो. ते निळे किंवा पिवळे झळझळीत असतात आणि त्यांच्या डोळ्यापासून खाली एक काळा पट्टा उतरतो. बाकीचे नर मळकट रंगाचे, माद्यांत मिसळून राहणारे आणि प्रजननाबाहेर असतात.

२००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात टाकीतील दादा नराला, अंधारात पाहता येणारे उपकरण वापरून, दिवे लागण्यापूर्वीच उचलून नेले. दिवे लागले. दादा जागेवर नाही, हे मळकट नराच्या ध्यानात आले आणि काही मिनिटांतच त्याचा रंग उजळला, डोळ्याचा पट्टा उमटला व तो इतरांवर धावून जाऊ लागला. त्याच्या मेंदूतील प्रजननाशी संबंधित भागात ईजीआर-१ जोराने सक्रिय झालेले आढळले. लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की जे नर आधीपासूनच दादा होते, त्यांच्यात ते तेवढे सक्रिय नव्हते. म्हणजे ही खूण दादागिरीची नव्हती, संधी ओळखल्याची होती.

प्रजनन संप्रेरकांची साखळी सुरू करणाऱ्या त्या भागातील पेशी मात्र अशा मिनिटांत वाढत नाहीत. त्यांना मोठे होण्यास दिवस लागतात, आणि नर पुन्हा खालच्या पायरीवर गेला तर त्या आक्रसण्यास त्याहून अधिक काळ लागतो. पद लगेच जाते, पदाची शरीररचना रेंगाळते.

७. हरलेल्या आणि जिंकलेल्या प्राण्याचा मेंदू एकाच गोष्टीला वेगवेगळा प्रतिसाद देतो का?

देतो, आणि याचा सर्वांत स्वच्छ पुरावा क्रेफिशमध्ये मिळाला. आपल्याकडच्या शेवंडाचा हा गोड्या पाण्यातील भाऊबंद. धोका जाणवताच शेपटी जोरात मुडपून तो उसळी घेतो, आणि ही उसळी घडवणारी चेतापेशी इतकी मोठी आहे की तिच्यावर काम करणे सोपे जाते. १९९६ मध्ये अमेरिकेतील संशोधकांनी दाखवले की सेरोटोनिन दिल्यावर वरचढ क्रेफिशमध्ये ही पेशी अधिक तत्पर होते, तर दबून राहणाऱ्या क्रेफिशमध्ये ती मंदावते. पेशी तीच, रसायन तेच. फरक केवळ झुंजीच्या इतिहासाचा.

पुढची पायरी अधिक बोलकी आहे. दोन दबलेले क्रेफिश एकत्र ठेवले की त्यांतला एक वरचढ ठरतो, आणि त्याच्या पेशीचा प्रतिसाद वरचढाला साजेसा होतो. परंतु दोन वरचढ एकत्र ठेवल्यावर जो हरतो, त्याच्या पेशीचा प्रतिसाद दीर्घकाळ जुन्या रुबाबातच राहतो. विजय लवकर मुरतो, पराभव मुरायला वेळ लागतो, निदान या प्राण्यात तरी. ज्यांना प्रत्येक जैविक बदल दोन्ही दिशांनी सारखाच चालतो असे वाटते, त्यांनी हे उदाहरण जवळ ठेवावे.

८. मेंदू वेगळा असल्यामुळे प्राणी वर चढतो, की वर चढल्यामुळे मेंदू वेगळा होतो?

हा या पानावरचा सर्वांत महत्त्वाचा प्रश्न आहे, आणि त्याची दोन्ही उत्तरे पुराव्यासह देता येतात.

अनुभवाकडून मेंदूकडे जाणारा पुरावा असा: २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात २० नर माकडांना आधी एकेकटे ठेवून त्यांच्या मेंदूतील डोपामिनच्या ‘डी-२’ ग्राहकांची (डोपामिन टिपणाऱ्या रेणूंची) पातळी प्रतिमायंत्राने पाहिली. नंतर चार-चारांचे गट केले आणि तीन महिन्यांनी पुन्हा पाहिले. पुढे वरचढ ठरलेल्या माकडांत आधी काहीही वेगळे नव्हते. गटात वर आल्यानंतर त्यांची पातळी वाढली. त्याचप्रमाणे ऑक्सफर्डमध्ये २०११ साली एक ते सात जणांच्या गटांत राहणाऱ्या २३ माकडांच्या मेंदूची तुलना केली असता, ज्यांचा गट मोठा त्यांच्या मेंदूच्या काही सामाजिक भागांत करड्या द्रव्याचे (चेतापेशींनी भरलेल्या थराचे) प्रमाण अधिक आढळले. माकडांनी आपला गट स्वतः निवडला नव्हता, म्हणून येथे कारण कोणते आणि परिणाम कोणता हे ठरवणे तुलनेने सोपे जाते.

मोकळ्या माकडांत ते इतके सोपे नसते. पोर्तो रिकोजवळच्या कायो सांतियागो बेटावर १९३८ मध्ये भारतातून नेऊन सोडलेल्या लाल तोंडाच्या माकडांचे वंशज राहतात. त्यांच्यातही ज्यांचे सोबती अधिक, त्यांच्या मेंदूचे काही भाग मोठे आढळले. पण तेथे माकडे आपले सोबती स्वतःच जोडतात, त्यामुळे आधी काय आणि नंतर काय हे त्या मोजणीवरून सांगता येत नाही.

उलट दिशेचा पुरावा चीनमधील च-ज्यांग विद्यापीठातील हायलान हू यांच्या प्रयोगशाळेतून आला. अरुंद नळीत दोन टोकांनी दोन उंदीर सोडले की एकाला मागे सरावे लागते; कोण सरतो, त्यावरून पायरी ठरते. २०१७ मध्ये त्यांनी खालच्या पायरीवरील उंदराच्या मेंदूच्या पुढच्या भागातील पेशी प्रकाशाच्या साहाय्याने उत्तेजित केल्या आणि तो जिंकू लागला. ज्या उंदरांना असे पुरेसे विजय मिळाले, ते दुसऱ्या दिवशी प्रकाश नसतानाही आपली नवी पायरी राखून होते. मेंदूला धक्का देऊन विजय मिळवून दिला, आणि विजयाने मेंदूला नवे वळण दिले, असे हे वर्तुळ आहे.

९. सोबत आणि प्रतिष्ठा मिळाली की मेंदू मोठा होतो, असा नियम आहे का?

नाही, आणि त्याला छेद देणारा प्राणी आपल्याच देशात सापडतो. ‘हार्पेग्नाथोस’ ही लांब जबड्यांची, मोठ्या डोळ्यांची, उडी मारून शिकार पकडणारी मुंगी आहे. तिच्या वारुळातील राणी मेली की कामकरी मुंग्या एकमेकींना मिशांनी झोडपू लागतात. ही स्पर्धा कित्येक दिवस चालते. त्यांतून ज्या विजयी होतात, त्या अंडी घालू लागतात. त्यांचे अंडाशय अनेक पटींनी फुगते, आयुष्य महिन्यांऐवजी वर्षांत मोजावे लागते, आणि मेंदूचे आकारमान सुमारे २५ टक्क्यांनी घटते. बाहेर जाऊन शिकार करायची नाही, वाट लक्षात ठेवायची नाही, तेव्हा डोळ्यांचे काम पाहणारा महागडा मेंदू पोसण्याचे कारण उरत नाही, असे त्याचे स्पष्टीकरण दिले जाते, आणि मला ते पटते.

क्लिंट पेनिक आणि सहकाऱ्यांनी २०२१ मध्ये याच्या पुढचे पाऊल टाकले. अंडी घालणाऱ्या काही मुंग्यांना त्यांनी वारुळापासून काही आठवडे दूर ठेवले. त्यांचे अंडे घालणे थांबले, त्या पुन्हा कामकऱ्यांसारख्या वागू लागल्या, आणि आक्रसलेला मेंदू पुन्हा जवळजवळ मूळ आकाराचा झाला. प्रौढ कीटकाचा मेंदू एवढा घटून परत वाढू शकतो, हे तोपर्यंत कोणी दाखवले नव्हते.

१०. एकट्या ठेवलेल्या प्राण्याच्या मेंदूचे काय होते?

जातीनुसार वेगवेगळे. न्यू यॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात फळमाश्यांना सात दिवस एकटे ठेवल्यावर त्या कमी झोपू लागल्या आणि अधिक खाऊ लागल्या. त्यांच्या मेंदूतील जनुकांची अवस्था उपाशी माशीसारखी होती, जरी समोर अन्न भरपूर होते. एकच सोबतीण दिली तरी हा परिणाम होत नसे. उंदरांत २४ तासांच्या एकटेपणानंतर मेंदूच्या खोडातील डोपामिन-पेशींच्या विशिष्ट समूहाच्या जोडण्या बळकट झाल्या आणि सोबत मिळताच तो समूह जोराने सक्रिय झाला, असे अमेरिकेतील एमआयटीमध्ये २०१६ साली दिसले. त्या समूहाला चेतवण्याचा परिणाम सर्व उंदरांवर सारखा नव्हता. वरच्या पायरीवरील उंदरांवर तो अधिक होता.

११. सोबत म्हणजे प्रत्यक्ष संपर्कच हवा का? नुसते दिसणे पुरत नाही का?

हे कोणता प्राणी आणि कोणते काम यांवर ठरते. बर्टोनी माशाला (प्रश्न ६) काचेपलीकडून झुंजी पाहणे पुरते: पहिला दुसऱ्याला हरवतो, दुसरा तिसऱ्याला, असे क्रमाने पाहिल्यावर, ज्या दोघांची झुंज त्याने कधीच पाहिली नाही त्यांच्यातील दुबळा कोण हे तो ओळखतो, आणि त्याच्याजवळ जाऊन राहतो.

झेब्राफिशचे मात्र वेगळे आहे. हा बोटाच्या पेराएवढा, निळ्या पट्ट्यांचा मासा मूळचा भारतीय उपखंडातील ओढ्या-नद्यांचा. आज तो पुण्या-मुंबईच्या प्रयोगशाळांसह जगभर पोसला जातो. जर्मनीतील फ्रँकफर्ट येथे २०२० मध्ये असे आढळले की त्याच्या मेंदूतील ‘पीटीएच-२’ या जनुकाची क्रियाशीलता आजूबाजूला किती मासे आहेत त्याप्रमाणे वर-खाली होते. एकटा ठेवला की ती घटते, इतरांत सोडला की अर्ध्या तासात वाढू लागते. पारदर्शक पडद्याआडून नुसते दिसणे किंवा गंध येणे पुरले नाही. शेजाऱ्यांच्या पोहण्याने पाण्यात उठणारी हालचाल त्याला अंगावरील संवेदी रेषेने जाणवावी लागते. चुंबकाच्या साहाय्याने कृत्रिम वस्तू तशीच हलवली तरी काम भागले. टोळाच्या मांडीवरचा कुंचला (प्रश्न ४) येथे पाण्यात शिरला आहे, एवढेच.

१२. लहानपणी झालेले नुकसान पुढे भरून निघते का?

उंदरांवरील दोन प्रयोग शेजारी ठेवले की उत्तर दिसते, आणि दोन्ही योगायोगाने २०१२ मधील आहेत. दूध तुटल्यानंतरचे दोन आठवडे एकट्या राहिलेल्या उंदरांत मेंदूच्या पुढच्या भागातील तंतूंवर मायलिन या स्निग्ध पदार्थाचे वेष्टन नीट चढले नाही, आणि नंतर सोबत देऊनही उणीव राहिली. ते दोन आठवडे उलटल्यावर सुरू केलेल्या एकटेपणाने तसे नुकसान झाले नाही. दुसऱ्या प्रयोगात प्रौढ उंदरांना आठ आठवडे एकटे ठेवल्यावर वेष्टन बिघडले, पण चार आठवड्यांच्या सोबतीने ते सुधारले. म्हणजे ‘भरून निघते का’ यापेक्षा ‘कोणत्या वयात आणि किती काळ’ हा प्रश्न विचारावा लागतो.

आईच्या वागण्याविषयी मॉन्ट्रिऑलच्या मॅकगिल विद्यापीठातील काम प्रसिद्ध आहे. ज्या घुशीसदृश प्रयोगशाळी उंदरांना पहिल्या आठवड्यात आईने भरपूर चाटले, ते मोठेपणी ताणाला शांतपणे सामोरे गेले. पिल्लांची अदलाबदल केल्यावर ती सांभाळणाऱ्या आईसारखी निघाली, जन्मदात्रीसारखी नाही. ताणसंप्रेरकाच्या ग्राहकाचे जनुक किती बंद राहील, याच्या खुणा चाटण्यानुसार बदलत होत्या, असे २००४ मध्ये दाखवले गेले.

१३. ऑक्सिटोसिन हे ‘प्रेमाचे संप्रेरक’ आहे ना? की त्यालाही अपवाद आहे?

ही समजूत बरीचशी प्रेअरी व्होल या उत्तर अमेरिकेतील, उंदरासारख्या, जोडीने राहणाऱ्या प्राण्यावरून आली. औषध देऊन ऑक्सिटोसिनचे काम रोखले की जोडी जमत नाही, असे अनेक प्रयोगांत दिसले होते. २०२३ मध्ये मात्र ज्यांच्यात ऑक्सिटोसिनचा ग्राहकच जन्मतः नाही असे व्होल तयार केले गेले, आणि त्यांनी जोड्या जमवल्या, पिल्ले दिली, ती वाढवलीसुद्धा. जुने प्रयोग यामुळे खोटे ठरत नाहीत. जन्मापासून एक वाट बंद असेल तर वाढत्या मेंदूने दुसरी काढली असावी, असे एक स्पष्टीकरण आहे. प्रौढपणी अचानक वाट अडवली तर तेवढी सवड मिळत नाही.

१४. दोन प्राणी एकत्र असताना त्यांचे मेंदू खरोखर एका लयीत चालतात का?

वटवाघळांत आणि उंदरांत तसे मोजले गेले आहे. २०१९ मध्ये अमेरिकेतील बर्कली येथे फळे खाणाऱ्या वटवाघळांच्या जोड्यांच्या मेंदूतील संकेत बिनतारी यंत्रणेने एकाच वेळी नोंदवले, तेव्हा एकाच जागेत असताना त्यांचे चढउतार जुळत होते. वेगळ्या कक्षांत ठेवल्यावर ती जुळणी राहिली नाही. यात टेलिपथीचे काही नाही. दोघेही एकमेकांच्या हालचालींकडे लक्ष देत असतात आणि प्रत्येकाचा मेंदू स्वतःसोबत दुसऱ्याच्या वागण्याचीही दखल घेत असतो, त्यामुळे लय जुळते.

१५. वागणे तेच, पण सोबतीमुळे मेंदूतील हालचाल वेगळी, असे कधी होते का?

होते. मूळचा ऑस्ट्रेलियाचा आणि आपल्याकडे पिंजऱ्यांत सर्रास दिसणारा झेब्रा फिंच हा त्याचा नमुना. याचा नर एकच गाणे जन्मभर गातो. एकटा असतानाही गातो आणि मादीसमोरही; सहज ऐकणाऱ्याला दोन्ही सारखेच वाटते. १९९८ मध्ये रॉकफेलर विद्यापीठातील संशोधकांनी दोन्ही प्रसंगी ईजीआर-१ च्याच खुणा तपासल्या. एकट्याने गाताना ‘एरिया एक्स’ हा गाणे शिकण्याशी संबंधित भाग उजळून निघाला होता. मादीकडे तोंड करून गाताना तो जवळजवळ शांत होता. पुढच्याच वर्षी थेट विद्युत नोंदींतही हा फरक दिसला.

बारकाईने मोजल्यावर गाण्यातही फरक सापडतो. मादीसमोरचे गाणे किंचित जलद असते आणि दर खेपेस जवळजवळ तंतोतंत तेच. एकट्याच्या गाण्यात सूर जरा इकडेतिकडे सरकतात. हे सरकणे मेंदूतील त्याच शिकण्याच्या साखळीतून मुद्दाम घातले जाते, असे नंतरच्या कामातून दिसून आले. आपल्याकडच्या गवयाला हे समजावून सांगण्याची गरज पडणार नाही: एक रियाज, दुसरी मैफल. घरच्या पिंजऱ्यात नर एकटाच असेल तर जे ऐकू येते तो रियाज असतो.